टकरमन घळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हँपशर राज्यात, मौंट वॉशिंग्टन (उंची १,९१७ मी.) या पर्वताच्या आग्नेय बाजूस असलेले एक हिमगव्हर आणि वासंतिक स्कीइंगचे प्रसिद्ध क्षेत्र. येथे रज्जुमार्ग वा अन्य कोणतेही यांत्रिक साधन नाही. स्कीवरून उतरावयाचे असेल, तर स्की पाठीवर घेऊन आधी पायी चढावे लागते. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत अमेरिकेच्या ईशान्य भागातील असंख्य हौशी स्कीपटूंनी पायी चढून स्की करण्याचा पहिला अनुभव येथेच घेतला आहे. अशा पहिल्या चढाईसाठी जी पूर्वतयारी आज आवश्यक मानली जाते, ती कोणा एका तज्ञाने ठरवून दिलेली नाही. तिच्यातील बहुतेक नियम या घळीतील व आल्प्समधील अनुभवांतून, आणि पुष्कळदा जीवघेण्या अपघातांतून, हळूहळू तयार झाले आहेत.

स्थान व हिमसंचय : व्हाइट मौंटन्स या पर्वतप्रदेशातील प्रेसिडेन्शियल रांगेत मौंट वॉशिंग्टन हे सर्वोच्च शिखर आहे. हिमयुगातील हिमनदीने त्याच्या उतारावर वाटीसारखा खोलगट भाग कोरून काढला. हीच टकरमन घळ. एडवर्ड टकरमन (१८१७–८६) या वनस्पतिशास्त्रज्ञाने या परिसरातील शैवाक व उंच पर्वतांवरील वनस्पती यांचा अभ्यास केला होता. त्याच्यावरून घळीला हे नाव मिळाले. पर्वतमाथ्यावर हिवाळ्यात पश्चिमेकडून अतिशय वेगवान वारे वाहतात. शिखरावरील वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी वाऱ्याचा वेग ताशी ३७२ किमी. नोंदला गेला. ऑस्ट्रेलियातील बॅरो बेटावर १९९६ मध्ये याहून अधिक वेगाची नोंद होईपर्यंत तो जागतिक उच्चांक होता. हे वारे माथ्यावरील सपाट भागाचे हिम उडवून नेतात व घळीत आणून टाकतात. त्यामुळे घळीत चांगल्या हिमवर्षाच्या काळात पंधरा मीटरांहून अधिक जाडीचा थर साचतो आणि खालच्या दऱ्यांत झाडांना पालवी फुटल्यावरही तेथे हिम टिकून राहते. घळीच्या मागील बाजूची शीर्षभिंत ४० ते ५५ अंशांइतकी उभी आहे.

ज्या वाऱ्यामुळे घळीत हिम साठते, त्याच वाऱ्यामुळे ती हिवाळ्यात धोकादायक होते. वाऱ्याने आणून टाकलेले हिम पट्ट्यांच्या स्वरूपात घट्ट होते. परंतु खालच्या थराशी ते नीट जोडले गेलेले नसते. असा पट्टा माणसाच्या वजनाने तुटला, की हिमलोट कोसळतो. म्हणून येथे स्की करण्याचा हंगाम परंपरेने एप्रिल व मे असा मानला गेला.

पार्श्वभूमी : हिमावरून चालण्यासाठी स्कीचा उपयोग उत्तर यूरोप व आशियात हजारो वर्षांपासून होत आला आहे. नॉर्वेमधील डिगेरव्हार्डेन येथील वितळत्या बर्फात २०१४ व २०२१ मध्ये मिळालेली स्कीची जोडी सु. १,३०० वर्षांपूर्वीची आहे. पर्वतारोहणासाठी मात्र स्कीचा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. फ्रित्यॉफ नान्सेन (१८६१–१९३०) याने १८८८ मध्ये स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंड ओलांडले. त्याच्या प्रवासवर्णनाने मध्य यूरोपात स्कीविषयी मोठे कुतूहल निर्माण केले. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने १८९४ च्या मार्चमध्ये ब्रांगर बंधूंसमवेत स्वित्झर्लंडमधील दाव्होसहून आरोसा येथे जाताना एक खिंड स्कीवरून ओलांडली. ही मंडळी पहाटेच निघाली होती. व्हिल्हेल्म पाउल्के (१८७३–१९४९) याच्या पथकाने १८९७ मध्ये बर्नीज ओबरलंड हा हिमनद्यांचा प्रदेश स्कीवरून पार केला. या यशाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८९९ मध्ये त्या पथकातील दोघे सुस्टेन खिंडीच्या परिसरात हिमलोटाखाली मरण पावले. पाउल्केने पुढे आयुष्याचा मोठा भाग हिमाच्या अभ्यासाला वाहिला.

ब्रिटिश स्कीपटू आर्नल्ड लन (१८८८–१९७४) याने वासंतिक स्कीइंगचा हिरिरीने पुरस्कार केला. उंच पर्वतांवर स्की करण्यास ऐन हिवाळ्यापेक्षा वसंत व उन्हाळ्याचा आरंभ अधिक अनुकूल असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. १९१७ च्या जूनमध्ये डोम आणि १९२४ च्या मेमध्ये आयगर या शिखरांवरील स्की-चढायांत भाग घेऊन त्याने आपले म्हणणे कृतीने सिद्ध केले. १९०९ मध्ये एका अपघातात पाय मोडल्याने त्याचा एक पाय कायमचा आखूड झाला होता, ही गोष्ट लक्षात घेता त्याच्या या चढाया विशेष उल्लेखनीय ठरतात.

न्यू हँपशर राज्यात ही विद्या प्रथम आणली ती नॉर्वेहून आलेल्या स्थलांतरितांनी. टकरमन घळीच्या उत्तरेस असलेल्या बर्लिन या गावी त्यांनी १८७२ मध्ये स्की मंडळ स्थापन केले. त्याला पुढे नान्सेनचे नाव देण्यात आले. डार्टमथ महाविद्यालयात फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने १९०९ मध्ये ‘डार्टमथ आउटिंग क्लब’ निघाला आणि स्की हा तरुण विद्यार्थ्यांचा आवडता छंद बनला.

आरंभीच्या चढाया : १९१३ च्या मार्चमध्ये हॅरिस व त्याचे दोन सोबती यांनी पर्वतावरील गाडीरस्त्याने स्कीवरून मौंट वॉशिंग्टनचे शिखर गाठले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१४ मध्ये, स्कनेक्टडी येथील जॉन अ‍ॅपर्सन हा अभियंता टकरमन घळीत स्की घेऊन उतरला. घळीतील स्कीइंगची ही पहिली नोंद होय. १९२० नंतरच्या दशकात पिंकम नॉच या खिंडीतील रस्त्यावरील हिम हिवाळ्यात हटविण्यास सुरुवात झाली आणि घळीच्या पायथ्यापर्यंत पोहोचणे सोपे झाले. तेथील ‘अ‍ॅपालॅचियन मौंटन क्लब’ (स्थापना १८७६) या संस्थेच्या तळाची व्यवस्था जो डॉज (१८९८–१९७३) याच्याकडे होती. पर्वताची हवा, वाटा आणि लहरी यांची त्याला उत्तम जाण होती. नवख्यांना आसरा देणे, सल्ला देणे व वेळ पडल्यास त्यांच्या शोधार्थ निघणे ही कामे तो व त्याचे सहकारी अनेक वर्षे करीत राहिले. संघटित बचावसेवेची पाळेमुळे या परंपरेत आढळतात.

शीर्षभिंत मात्र १९३१ पर्यंत अजिंक्य राहिली होती. त्या वर्षी ११ एप्रिल रोजी जॉन कार्लटन व चार्ली प्रॉक्टर हे दोघे तिच्या कडेवरून स्कीने खाली उतरले. दोघेही डार्टमथचे माजी विद्यार्थी होते व दोघांनी ऑलिंपिक सामन्यांत भाग घेतला होता. याच वर्षी बॉस्टनहून स्कीपटूंना डोंगरांकडे नेणाऱ्या खास आगगाड्या सुरू झाल्या. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी निघालेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’च्या मजुरांनी १९३४ मध्ये घळीच्या तोंडापासून पिंकम नॉचपर्यंत शेरबर्न स्की-मार्ग तयार केला. त्यामुळे चढण्याची वाट आणि उतरण्याची वाट वेगळ्या झाल्या आणि परतीच्या प्रवासात पादचाऱ्यांशी टक्कर होण्याचा धोका टळला.

इन्फर्नो शर्यती : आर्नल्ड लनच्या मंडळाने १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे ‘इन्फर्नो’ नावाची उताराची शर्यत सुरू केली होती. तिच्या धर्तीवर मौंट वॉशिंग्टनवर १९३३, १९३४ व १९३९ या वर्षी ‘अमेरिकन इन्फर्नो’ शर्यती झाल्या. शिखरापासून शीर्षभिंतीवरून पिंकम नॉचपर्यंत सु. ६.५ किमी. लांबीचा व सु. १,३०० मी. उताराचा हा मार्ग होता. शर्यतीच्या आरंभस्थानी पोहोचण्यासाठी स्पर्धकांना शिखर चढून जावे लागे. पहिल्या शर्यतीत विजेत्याला १४ मिनिटांहून अधिक वेळ लागला. १९३४ मध्ये डिक ड्युरन्सने तेच अंतर १२ मिनिटे ३५ सेकंदांत कापले.

१९३९ च्या शर्यतीला यूरोपातील घडामोडींची पार्श्वभूमी होती. आर्लबर्ग पद्धतीचा प्रवर्तक हानेस श्नायडर (१८९०–१९५५) याला ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यात आल्यानंतर १९३८ मध्ये नाझींनी अटक केली होती. सुटकेनंतर तो १९३९ च्या फेब्रुवारीत न्यू हँपशरमधील नॉर्थ कॉनवे येथे आला. टोनी मॅट हा एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रियन तरुण तेथील स्की-शाळेत शिक्षक म्हणून त्याच्या थोडा आधी दाखल झाला होता. १६ एप्रिल रोजी, जोरदार वाऱ्यात, मॅट शिखरावरून निघाला. शीर्षभिंतीच्या कडेशी वेग कमी करण्यासाठी काही वळणे घ्यावयाची, असा त्याचा बेत होता. आपण नेमके कोठे आहोत याचा अंदाज चुकल्याने ती वळणे त्याने फार वर घेतली आणि प्रत्यक्ष भिंतीवरून तो सरळ रेषेत खाली आला. ६ मिनिटे २९.२ सेकंदांत त्याने शर्यत पुरी केली. पूर्वीचा उच्चांक जवळजवळ निम्म्यावर आला. अमेरिकेतील स्कीइंगच्या इतिहासात ही धाव दंतकथेसारखी सांगितली जाते. तथापि तिच्या मुळाशी अंदाजाची चूक होती आणि आपण बळकट पाय व नशीब यांमुळे वाचलो, हे मॅटनेही पुढे मोकळेपणाने मान्य केले. ज्यांनी ही धाव अनुकरणीय मानली, त्यांना तिच्यातील हा भाग सहसा सांगितला गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जो डॉजचा मुलगा व ऑलिंपिक स्कीपटू ब्रुक्स डॉज याने शीर्षभिंतीच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद नाळांतून अनेक नवे मार्ग शोधून काढले.

साधनांचा विकास : चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला केसाळ कातडे लावण्याची युक्ती उत्तरेकडील लोकांत जुनी आहे. केसांचा कल मागे असल्याने स्की पुढे सरकते, मागे सरकत नाही. सीलच्या कातड्याची जागा पुढे मोहेर व नायलॉन यांच्या चिकट पट्ट्यांनी घेतली. कठीण हिमावर स्कीची लाकडी कड पकड घेत नसे. ही अडचण ऑस्ट्रियाच्या रूडॉल्फ लेटनर याने दूर केली. त्याने स्कीला पोलादी कडा बसविण्याची योजना केली व १९२६ मध्ये तिचे एकस्व घेतले. अशा कडांवाचून टकरमनची शीर्षभिंत उतरणे नेहमीच्या स्कीपटूच्या आवाक्यात आले नसते. बूट स्कीला घट्ट जखडलेला असल्याने पडताना पाय मोडण्याचे प्रकार वारंवार घडत. याल्मर व्हॅम या नॉर्वेजियन-अमेरिकन स्कीपटूने स्वतःचा पाय मोडल्यानंतर, १९३७ च्या सुमारास, धोक्याच्या वेळी आपोआप सुटणारा बूट-बंध तयार केला. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल याने १९८० नंतरच्या दशकात केवळ खुंट्यांच्या आधारे बूट पकडणारा हलका बंध शोधला. त्यामुळे चढणीवरचे ओझे बरेच कमी झाले.

या सुधारणांचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. जुन्या जड सामानामुळे स्कीपटूला सावकाश चढणे भाग पडे आणि तेवढ्या वेळात त्याला हिमाची, हवेची व स्वतःच्या दमाची ओळख होई. चढता न येणारा माणूस उतारापर्यंत पोहोचतच नसे. साधने हलकी झाली, तसा चढणीचा हा अडसर कमी झाला. परिणामी जे ज्ञान पूर्वी वाटेत मिळे, ते निघण्यापूर्वी मिळविणे आवश्यक ठरले.

हिमलोटांचा अभ्यास : पहिल्या महायुद्धात आल्प्समधील आघाडीवर हिमलोटांनी हजारो सैनिकांचा बळी घेतला. ऑस्ट्रियन सैन्याला हिमलोटांविषयी मार्गदर्शन करणारा स्कीशिक्षक माटियास झ्डार्स्की (१८५६–१९४०) हा स्वतः १९१६ मध्ये एका हिमलोटाखाली सापडला. त्याच्या शरीरात सु. ऐंशी ठिकाणी अस्थिभंग व सांधे निखळणे असे आघात झाले; तरीही तो वाचला. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळील व्हाइसफ्लूयोख येथे १९३६ मध्ये हिमाच्या थरांचे पद्धतशीर संशोधन सुरू झाले. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर यूटा राज्यातील आल्टा येथे माँटी अ‍ॅटवॉटर याने वनखात्याच्या वतीने असे काम हाती घेतले. टकरमन घळीत १९५४ व १९५६ च्या हिवाळ्यांत हिमलोटांच्या दुर्घटना घडून माणसे मरण पावली. १९५० नंतरच्या दशकातच वनखात्याचे हिमरक्षक येथे नेमण्यात आले. त्यांच्या कामातून हिमलोटांविषयीच्या दैनंदिन सूचनापत्रकाची प्रथा रूढ झाली. या पत्रकात धोक्याची पातळी पाच श्रेणींत दर्शविली जाते. वसंतात सुटीच्या दिवशी स्वयंसेवक स्की-पथकही मदतीस असते.

हिमाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला शोधण्यासाठी जॉन लॉटन याने १९६८ मध्ये खिशात मावणारे प्रेषक-ग्राही उपकरण तयार केले. पुढे ४५७ किलोहर्ट्‌झ ही कंप्रता त्यासाठी प्रमाण ठरली. गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जगतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण सु. एक तृतीयांशावर येते. खालच्या गावातून मदत येईपर्यंत हा अवधी संपलेला असतो. म्हणूनच सोबत्याजवळ हे उपकरण, शोधकाठी व फावडे असणे आणि त्यांचा सराव असणे यांवरच जगणे अवलंबून असते.

वासंतिक हिमाचे स्वरूप : वसंतात हिम दिवसा वितळते व रात्री गोठते. या क्रमाची पुनरावृत्ती होऊन बारीक कणांचे जाड दाणे बनतात. रात्री ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि सकाळच्या उन्हात वरचा थर तेवढा सैल होतो. अशा दाणेदार हिमावर स्की सहज वळते. हीच वासंतिक स्कीइंगची योग्य वेळ होय. ती थोडाच काळ टिकते. ऊन फार वाढल्यास पाणी थरांत खोलवर मुरते, दाण्यांची पकड सुटते आणि ओल्या हिमाचे लोट कोसळू लागतात. रात्री गोठण झालीच नाही, तर सकाळही सुरक्षित नसते. टकरमन घळीत याच्या उलट धोकाही संभवतो. घळ पूर्वेकडे उघडी असल्याने दुपारनंतर तिच्यावर कड्याची सावली पडते व मऊ झालेले हिम थोड्या वेळात काचेसारखे कठीण होते. अशा हिमावर पाय घसरला, तर माणूस खालच्या खडकांपर्यंत थांबत नाही. यांशिवाय हिमाचा थर खाली सरकल्याने पडणाऱ्या खोल भेगा, कटलर नदीच्या प्रवाहाने खालून पोखरलेले हिम आणि कड्यावरून निसटणारे बर्फाचे मोठे तुकडे हे येथील नेहमीचे धोके आहेत. प्रेक्षक शिदोरी सोडून बसतात ती ‘लंच रॉक्स’ ही खडकांची जागा या पडत्या बर्फाच्या मार्गातच येते.

पूर्वतयारी : वरील इतिहासावरून पहिल्या चढाईच्या तयारीचे स्वरूप स्पष्ट होते. पिंकम नॉचपासून हर्मिट लेकपर्यंतची वाट सु. ३.९ किमी. असून तीत सु. ५६० मी. चढ आहे, तेथून घळीच्या तळापर्यंत आणखी एक किलोमीटरहून अधिक चालावे लागते. स्की, बूट, अन्न व पाणी यांचे ओझे घेऊन ही चाल करता यावी, यासाठी आधी काही आठवडे ओझ्यासह डोंगर चढण्याचा सराव केला जातो. तीव्र उतारावर, खराब हिमातही खात्रीने वळता व थांबता येणे ही दुसरी अट होय. चालण्याचे बूट वेगळे ठेवल्यास पायांना फोड येत नाहीत. घामाने भिजल्यास बदलण्यासाठी कोरडे कपडे, वाऱ्यापासून रक्षण करणारा अंगरखा, जादा हातमोजे, काळा चष्मा व उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारे मलम ही सामग्री बरोबर घेतात. हिमावरून परावर्तित होणारे ऊन हनुवटीखालीही त्वचा भाजते. शिरस्त्राण, हिमकुऱ्हाड व क्रॅम्पॉन या वस्तू नुसत्या जवळ असून भागत नाही. घसरताना कुऱ्हाड रोवून स्वतःला थांबविण्याचा सराव सुरक्षित उतारावर आधीच केलेला असावा लागतो.

निघण्याच्या दिवशी सकाळी वेधशाळेचा हवामान-अंदाज व हिमलोट-सूचनापत्रक पाहतात आणि हर्मिट लेक येथे हिमरक्षकांकडून ताजी माहिती घेतात. ज्या मार्गाने उतरावयाचे, त्याच मार्गाने चढावे, हा येथील जुना संकेत आहे. एकामागून एक माणसे बुटांच्या टोकांनी हिमात पायऱ्या पाडीत वर जातात. प्रत्येक पायरीला हिमाचा कठीणपणा, भेगांच्या जागा आणि पडल्यास खाली काय आहे, हे कळत जाते. दक्षिणाभिमुख नाळा आधी मऊ होतात, तर उत्तरेची सावली असलेल्या नाळांत हिम उशिरापर्यंत टिकते. त्यानुसार मार्ग निवडतात. हंगामाच्या अखेरीस शेरबर्न मार्गावरील हिम खालून वर वितळत जाते. जेथे ते संपते तेथे दोर बांधतात आणि स्कीपटू तेथून स्की पाठीवर घेऊन उरलेली वाट पायी उतरतात.

परत फिरण्याचा निर्णय हा या तयारीचा शेवटचा व सर्वांत कठीण भाग आहे. दीर्घ चालीनंतर, ऊन पडलेल्या सुटीच्या दिवशी, शेकडो माणसे भिंत चढत असताना खाली थांबणे नवख्याला अवघड जाते. इतरांची गर्दी ही सुरक्षिततेची खूण नव्हे, हे येथील अनेक अपघातांनी दाखवून दिले आहे. टकरमनच्या इतिहासात उच्चांकांच्या नोंदी आहेत. कड्याच्या पायथ्याशी हिम पाहून परतलेल्यांची नोंद नाही. तथापि पुढच्या वसंतात पुन्हा चढून येणारे बहुतेक जण त्यांच्यापैकीच असतात.